खोक्यांचं गाव : न्हावा-शेवा

हे पान वाचता वाचता जरा आजूबाजूला पाहा. भिंतीवरचं घड्याळ, दादाचा मोबाइल, तुमच्या कंपासपेटीतला शार्पनर, धाकट्या भावाची चावीची मोटार. यातली एखादी वस्तू उलटी करून बघा. तिच्या पाठीवर बारीक अक्षरांत कुठल्यातरी दूरच्या देशाचं नाव छापलेलं सापडेल. ही वस्तू तुमच्या घरापर्यंत आली तरी कशी? "विमानानं!" असं कुणीतरी लगेच म्हणेल. पण विमानानं येणारा माल फारच थोडा असतो. वजनात मोजलं, तर जगाचा बहुतेक व्यापार आजही समुद्रावरूनच चालतो. अरबी समुद्रातून महाराष्ट्राच्या दारात आलेला माल ज्या मोठ्या दरवाजातून आत शिरतो, त्या दरवाजाचं नाव न्हावा-शेवा.

नकाशाच्या पुस्तकात ते 'जवाहरलाल नेहरू बंदर' या नावानं आहे. रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, मुंबईच्या अगदी समोर, खाडीच्या पलीकडच्या काठावर. न्हावा आणि शेवा ही तिथल्या दोन गावांची नावं. माझी शाळा पनवेलच्या बाजूला असल्यामुळे या बंदराकडे जाणारे लांबलचक ट्रेलर आमच्या मुलांच्या रोजच्या ओळखीचे आहेत. चला, आज आपण ते ट्रेलर जातात कुठे, तेच पाहून येऊ.

समुद्रावरून पहिली ओळख

न्हावा-शेव्याला जायचे आता तीन रस्ते आहेत. एक म्हणजे शिवडीहून निघणारा अटल सेतू. जानेवारी २०२४ मध्ये तो सुरू झाला. जवळजवळ २२ किलोमीटर लांबीचा पूल आणि त्यातले साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून! दुसरा रस्ता लोकलचा. नेरूळ किंवा बेलापूरहून उरणला जाणारी लोकल त्याच महिन्यात थेट उरणपर्यंत पोचली. पण मला विचाराल, तर पहिल्यांदा जाताना तिसरा, जुना रस्ताच धरावा. भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसायचं आणि उरणच्या मोरा बंदराला उतरायचं.

लाँच सुटली की मुंबईच्या इमारती मागे मागे सरकू लागतात. डाव्या हाताला जवाहर द्वीप दिसतं. तिथे खनिज तेलाची जहाजं रिकामी होतात. त्याच्यामागे हिरवीगार घारापुरी, म्हणजे आपली एलिफंटाची लेणी. घारापुरीच्या पलीकडे नजर गेली की क्षणभर काहीच उमगत नाही. माना उंच करून उभ्या राहिलेल्या प्रचंड जिराफांचा कळपच पाण्याकाठी आलाय की काय, असं वाटतं. ते जिराफ म्हणजेच धक्क्यावरच्या क्रेन. आणि त्यांच्या पायाशी रंगीत ठोकळ्यांचे मनोरे. लाल, निळे, हिरवे, करडे. हेच ते खोके, म्हणजे कंटेनर. ट्रेलरवाले त्यांना सरळ 'डबा'च म्हणतात.

लाँच मोऱ्याच्या जवळ आली की एक गोष्ट मुद्दाम पाहा. ओहोटी असेल तर धक्क्याजवळ पाणी कमी आणि चिखल जास्त असतो. कधी कधी तर ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच पुढेच येऊ शकत नाही आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. हा गाळ लक्षात ठेवा बरं! आपल्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

मुंबई असताना दुसरं बंदर कशाला?

प्रश्न अगदी बरोबर आहे. मुंबई तर जुनी, नावाजलेली. १८७५ साली ससून डॉक बांधलं गेलं, १८८० साली प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक. त्यालाच आज आपण इंदिरा डॉक म्हणतो. त्या काळात जहाजातला माल पोत्यांत, पेट्यांत, पिंपांत आणि गासड्यांत भरलेला असे. गोदी कामगार तो पाठीवरून किंवा दोरीच्या जाळ्यात घालून खाली उतरवत. एक जहाज रिकामं व्हायला कित्येक दिवस लागत. काही पोती फाटत, काही माल भिजे, काही वाटेतच 'पाय फुटून' नाहीसा होई!

हळूहळू मुंबई शहर गोदीच्या भोवती दाटीवाटीनं वाढलं. मालगाड्यांना आणि ट्रकना बाहेर पडायला वाट उरेना. जहाजं आकारानं मोठी होत गेली, पण गोदीची दारं होती तेवढीच राहिली. बाहेर समुद्रात जहाजांची रांग लागू लागली. म्हणून समोरच्या काठावर, मोकळ्या जागेत नवं बंदर बांधायचं ठरलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. पंडित नेहरूंच्या जन्मशताब्दीचं ते वर्ष, म्हणून बंदराला त्यांचं नाव मिळालं.

तेव्हा कंटेनरसाठी बांधलेला धक्का होता ६८० मीटर लांबीचा. पुढे एकेक नवं टर्मिनल उभं राहत गेलं. अलीकडे पूर्ण झालेल्या एकट्या एका टर्मिनलचा धक्का २००० मीटर लांब आहे. म्हणजे चांगल्या चालीनं चालणाऱ्या माणसाला एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतील!

एका खोक्याची करामत

आता या खोक्याकडे नीट पाहू. तो दिसतो अगदी साधा. लोखंडी पत्र्याचा, एका बाजूला दोन दारं असलेला. लांबी २० फूट, रुंदी ८ फूट, उंची साडेआठ फूट. दुसरा मोठा भाऊ ४० फूट लांबीचा. यात विशेष ते काय?

विशेष हे, की हे माप साऱ्या जगात एकच आहे. माल्कम मॅकलीन नावाचा एक अमेरिकन मालवाहतूकदार होता. प्रत्येक पोतं ट्रकमधून काढा, जहाजात ठेवा, पुन्हा काढा, पुन्हा ट्रकमध्ये भरा, हे पाहून तो वैतागला. त्यानं विचार केला, माल हलवण्यापेक्षा मालासकट अख्खा खोकाच उचलला तर? २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचं त्याचं जहाज ५८ खोके घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं आणि व्यापाराची रीतच बदलली. जगातल्या देशांनी पुढे खोक्यांची मापं ठरवून घेतली. म्हणून चीनमध्ये भरलेला खोका न्हावा-शेव्याच्या क्रेनला बसतो, आपल्या रेल्वेच्या वाघिणीवर बसतो आणि आमच्या रस्त्यावरच्या ट्रेलरवरही बसतो.

बंदराचा हिशेबसुद्धा खोक्यांतच मोजतात. २० फुटी खोका म्हणजे एक, ४० फुटी म्हणजे दोन. या मापानं २०२४-२५ या एका वर्षात न्हावा-शेवा बंदरानं सुमारे ७३ लाख खोके हाताळले. वहीत गणित करून पाहा. रोजचे किती झाले? बरोबर, वीस हजार! आणि ते सगळे खोके एकामागे एक ओळीत मांडले तर? एक खोका साधारण ६.१ मीटर लांब. ७३ लाखांनी गुणा. ओळ होते साडेचव्वेचाळीस हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर आहे सुमारे चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे एका वर्षाच्या खोक्यांनी पृथ्वीला वेढा घालून वर ओळ शिल्लकच राहील!

प्रत्येक खोक्याला स्वतःचा नंबर असतो. तुमच्या हजेरीपटावरच्या नंबरासारखा, पण जगभरात एकच. आधी चार इंग्रजी अक्षरं, मग सात आकडे. त्यांतला शेवटचा आकडा मोठा गमतीचा. तो आधीच्या अक्षरांवरून आणि आकड्यांवरून गणितानं काढलेला असतो. कुणी नंबर लिहिताना चूक केली की हा शेवटचा आकडा जुळत नाही आणि संगणक लगेच ओरडतो, "चुकलं!" मला तर वाटतं, माझ्या वर्गातल्या वह्यांनाही असा एक पहारेकरी आकडा असायला हवा होता.

जहाज धक्क्याला लागतं तेव्हा

पायलट फक्त विमानालाच असतो, असं तुम्हांला वाटतं ना? बंदरालाही असतो. दूर देशाहून आलेल्या कप्तानाला इथल्या समुद्राचा तळ, प्रवाह, भरती-ओहोटी कुठून ठाऊक असणार? म्हणून बंदराचा पायलट छोट्या बोटीतून समुद्रात जातो आणि चालत्या जहाजाच्या बाजूला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून वर चढतो. पावसाळ्यात लाटा उसळत असतानाही! मग त्याच्या सल्ल्यानं जहाज आत येतं. छोट्या पण दणकट 'टग' बोटी त्याला हळूहळू ढकलत धक्क्याला टेकवतात.

इथे येऊन गेलेली काही जहाजं जवळजवळ चारशे मीटर लांबीची होती. पॅरिसचा आयफेल टॉवर आडवा करून ठेवला, तरी जहाजच लांब भरेल. अशा जहाजावर सोळा हजारांहून अधिक खोके मावतात.

जहाज बांधलं गेलं की जिराफ कामाला लागतात. क्रेनच्या उंच मानेला एक केबिन टांगलेली असते. तिच्या काचेच्या तळातून क्रेनचालक खाली पाहतो. क्रेनचा लोखंडी पंजा खोक्याच्या चार कोपऱ्यांवर अलगद बसतो, चार कड्या फिरतात आणि पंचवीस-तीस टनांचा खोका असा वर येतो, जणू काडेपेटीच उचलली. खाली ट्रेलर तयारच असतो. तो खोका घेऊन आवारात जातो. तिथे रबरी चाकांच्या दुसऱ्या क्रेन खोक्यांवर खोके रचतात. कुठला खोका कुठल्या रांगेत, कितव्या थरात, हे सगळं संगणकात नोंदलेलं असतं. नाही तर तुमचा शार्पनर शोधायचा कसा?

आता तो गाळ आठवा. एवढं मोठं जहाज भरलं की त्याचा पोटाकडचा भाग चौदा-पंधरा मीटर पाण्याखाली जातो. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत! मोऱ्याला छोटी लाँच रुतते, तिथे हे जहाज कसं यायचं? त्यासाठी समुद्राच्या तळात एक खोल रस्ता खोदलेला आहे. वरून पाहिलं तर सगळा समुद्र सारखाच दिसतो, पण जहाजानं त्या रस्त्याची हद्द सोडायची नसते. हा रस्ता टप्प्याटप्प्यानं खोल आणि रुंद करत नेला. पण खाड्या नवा गाळ आणत राहतात, म्हणून गाळ उपसणारी जहाजंही सतत काम करत राहतात. जास्त खोल बसणारी जहाजं भरतीची वेळ पाहून आत येतात. संगणकाचं युग आलं, पण मोठमोठ्या कप्तानांना आजही भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावंच लागतं. आपल्या कोळी तांडेलांसारखंच!

बंदराला पाठ हवी रुंद

एकदा चौथीच्या वर्गात मी विचारलं, "बंदर मोठं करायचं तर काय काय वाढवाल?" पोरांनी भराभर उत्तरं दिली. धक्का वाढवू, क्रेन वाढवू, जहाजं वाढवू. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण आलेले डबे बाहेर न्यायला रस्ता नको का? नाही तर बंदर भरूनच जाईल." शाब्बास! अगदी हीच गोष्ट मोठमोठ्या तज्ज्ञांना नकाशे काढून समजावून सांगावी लागते. बादलीला वरून नळ सोडला आणि तळाची तोटी बारीक असली की बादली भरून वाहणारच.

रोज वीस हजार खोके, आणि त्यांतला मोठा भाग रस्त्यानंच ये-जा करतो. रेल्वेच्या वाट्याला येतो जेमतेम सहावा हिस्सा. म्हणूनच उरण-पनवेल रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागतात. आमच्याकडे दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत पालक मुलांना घरून तासभर आधी काढतात, ते याच रांगांच्या भीतीनं.

आता रेल्वेचं गणित पाहा. कंटेनरच्या एका मालगाडीला ४५ वाघिणी असतात. एका वाघिणीवर दोन खोके, म्हणजे गाडीवर ९०. तेवढेच खोके रस्त्यानं न्यायचे, तर एका ट्रेलरवर दोन धरून ४५ ट्रेलर लागतील. ४५ इंजिनं, ४५ चालक, ४५ जणांचा धूर! शिवाय लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घर्षणानं फिरतं. म्हणून तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला इंधन कमी लागतं.

मग सगळे खोके रेल्वेनंच का नेत नाहीत? कारणं तीन. पहिलं, जवळच्या गावी जायचं असेल तर ट्रेलर थेट कारखान्याच्या दारात जातो, आगगाडी जात नाही. दुसरं, बंदरात टर्मिनलं अनेक आहेत. दिल्लीकडे जाणारे काही खोके एका टर्मिनलमध्ये, काही दुसऱ्यात. एक गाडी भरायची तर खोके गोळा करता करता वेळ जातो. आणि तिसरं कारण सगळ्यांत मोठं. आपल्याकडे मालगाडी आणि प्रवासी गाडी एकाच रुळावर धावतात. एक्स्प्रेस आली की मालगाडीनं बाजूच्या रुळावर गप्प उभं राहायचं. तुम्ही गावी जाताना खिडकीतून अशी उभी असलेली मालगाडी पाहिली असेलच. त्यामुळे दिवसभराची सरासरी काढली, तर मालगाडीचा वेग सायकलवाल्याशी स्पर्धा करण्याइतकाच भरायचा.

यावर एक चांगली युक्ती निघाली, ती म्हणजे 'कोरडी बंदरं'. समुद्र नाही, जहाज नाही, तरी बंदर! दिल्लीतलं तुघलकाबाद हे असंच एक. माल देशात आला की त्याची कस्टमची तपासणी समुद्रकाठीच झाली पाहिजे असं नाही. खोका बंद कुलपात रेल्वेनं आत न्यायचा आणि तपासणी तिथे करायची. आपल्या मराठवाड्यात जालन्यालाही असं कोरडं बंदर उभारायचं काम हाती घेतलं गेलं. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाला 'बंदर' म्हणायचं, आहे की नाही गंमत?

मालगाड्यांचा स्वतःचा रस्ता

दुसरी युक्ती फार मोठी आहे. मालगाड्यांना त्यांचे स्वतःचे रूळ द्यायचे! उत्तर प्रदेशातल्या दादरीपासून हरियाणा, राजस्थान, गुजरात ओलांडून थेट न्हावा-शेव्यापर्यंत. लांबी सुमारे १५०६ किलोमीटर. नाव 'पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग'. नाव बोजड आहे, पण कल्पना साधी. या रुळांवर मालगाड्याच धावणार. ना एक्स्प्रेसची वाट पाहणं, ना लोकलची.

या मार्गावर खोक्यांवर खोके ठेवून दुमजली गाडी नेता येते. तशी गुजरातच्या पिपावाव बंदरातून २००६ सालीच दुमजली कंटेनर गाडी धावली होती, पण तिला डिझेल इंजिन होतं. विजेच्या मार्गावर डोक्यावर तार असते. दोन खोके एकावर एक ठेवले की वरचा खोका तारेलाच भिडेल! म्हणून नव्या मार्गावर विजेची तार साडेसात मीटरच्या आसपास उंच नेली. पूल आणि बोगदेही तसेच उंच केले. हरियाणात सोहना गावाजवळ अरवलीच्या डोंगरातून सुमारे एक किलोमीटरचा बोगदा काढला आहे. त्यातून विजेच्या तारेसकट दुमजली गाडी आरपार जाते. ७ जानेवारी २०२१ रोजी या मार्गावर दीड किलोमीटर लांबीची दुमजली विजेची गाडी सोडली गेली. अशी गाडी जगात पहिलीच. ती तुमच्या शाळेसमोरून जाऊ लागली, तर इंजिन पुढच्या वाडीत पोचलं तरी शेवटची वाघीण अजून शाळेमागेच असेल!

आणि बरं का, या सबंध मार्गात सगळ्यांत अवघड निघाला तो आपल्याकडचा तुकडा. वैतरणा ते न्हावा-शेवा, १०२ किलोमीटरचा. मार्च २०२५ मध्ये बाकीच्या १४०४ किलोमीटरवर गाड्या धावत होत्या आणि या तुकड्याचं काम चालू होतं. कारण उघड आहे. राजस्थानात मोकळं माळरान. इथे मात्र वैतरणा आणि उल्हास या नद्यांची रुंद पात्रं, खारफुटी, डोंगर, आधीचे रेल्वेमार्ग, आणि वसई, भिवंडी, दिवा, पनवेल अशी माणसांनी गजबजलेली गावं. एकेका घराशी, एकेका शेताशी बोलणी करत पुढे जायचं म्हणजे वेळ लागणारच.

याचा फायदा कुणाला? नाशिकच्या द्राक्षांचं उदाहरण घ्या. निफाड-दिंडोरीच्या मळ्यांतली द्राक्षं थंड खोक्यांत बसून न्हावा-शेव्याहून युरोपला जातात. या खोक्यांना फ्रिजसारखं यंत्र असतं आणि आतलं तापमान शून्य अंशाच्या आसपास राखलेलं असतं. समुद्रावरचा प्रवासच कित्येक आठवड्यांचा. त्यात बंदराच्या दारात दोन दिवस खोळंबा झाला, तर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या मेहनतीचा भाव घसरतो. म्हणजे बंदराचा रस्ता मोकळा असणं ही फक्त कारखानदारांची गरज नाही, शेतकऱ्याचीही आहे.

ज्यांच्या अंगणात बंदर आलं

इथवर सगळं कसं झकास वाटतं, नाही? पण आता थोडं थांबू. ज्या मोकळ्या जागेवर हे बंदर उभं राहिलं असं आपण म्हणालो, ती खरंच मोकळी होती का?

नव्हती. तिथे भातशेती होती, मिठागरं होती, कोळ्यांच्या होड्या होत्या. खाडीतल्या मासळीवर आणि एका पावसाळी पिकावर घरं चालत होती. नवी मुंबई आणि बंदर यांच्यासाठी जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा योग्य मोबदला मिळावा म्हणून शेतकरी एकत्र आले. दि. बा. पाटील हे त्यांचे नेते. जानेवारी १९८४ मध्ये जासईजवळच्या दास्तान फाट्यावर आणि उरण भागात पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला. पाच शेतकरी त्यात प्राणास मुकले. आजही दर जानेवारीत तिथली गावं त्यांना अभिवादन करतात. या लढ्यातूनच जमीन देणाऱ्याला तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा, ही योजना पुढे आली. पण बंदरासाठी जमीन दिलेल्यांना आपल्या हिश्शासाठी त्यानंतरही वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली.

शेवा कोळीवाड्यातल्या लोकांना तर गावच सोडावं लागलं. त्यांना उरणजवळ हनुमान कोळीवाडा इथे वसवलं. तिथे जागा अपुरी पडली आणि घरांना वाळवी लागली. पुन्हा चांगल्या जागी वसवा, ही मागणी तिथल्या आजी-आजोबांनी केली, मग आई-बाबांनी केली. काहींनी तर होड्या आडव्या घालून जहाजांचा मार्ग अडवण्याची आंदोलनंही केली. ज्या समुद्रानं त्यांना पोसलं, त्याच समुद्रात त्यांना आपलं गाऱ्हाणं मांडावं लागलं.

दुसऱ्या बाजूनं हेही खरं, की याच गावांतल्या अनेकांना बंदरात, गोदामांत, वाहतुकीत कामं मिळाली. शाळा निघाल्या, रस्ते झाले, मुलं शिकली. लाभ झाला आणि नुकसानही झालं. दोन्ही खरं आहे. एक सांगताना दुसरं लपवायचं नाही, एवढं आपण पाळू या.

आता पाळी वाढवणची

हा सगळा जुना इतिहास मी तुम्हांला का सांगते आहे? कारण तोच प्रश्न पुन्हा समोर उभा आहे. पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, वाढवण या गावासमोर नवं बंदर बांधायचं ठरलं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपये. तिथे किनाऱ्याजवळच समुद्र सुमारे वीस मीटर खोल आहे. म्हणजे न्हावा-शेव्याला जो गाळाचा त्रास, तो तिथे बराच कमी. जगातली सगळ्यांत मोठी कंटेनर जहाजं तिथे लागू शकतील. शिवाय मालगाड्यांचा तो नवा मार्ग तिथून अवघ्या बारा किलोमीटरवर. न्हावा-शेव्याला रेल्वेमार्ग बंदराच्या मागून धावत आला. इथे दोघांचा विचार आधीच, एकत्र केला आहे. ही खरोखर शहाणपणाची गोष्ट.

पण तो किनारा कसा आहे? डहाणू तालुका १९९१ सालीच पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर झाला. तिथले चिकू प्रसिद्ध आहेतच. वाढवणचा खडकाळ किनारा ओहोटीला दूरवर उघडा पडतो आणि त्या खडकांच्या कपारींत मासळी वाढते, असं कोळी बांधव सांगतात. पापलेट, घोळ, शेवंड हे त्यांचं सोनं. बंदरासाठी समुद्रात भर घालून सुमारे १४४८ हेक्टर जमीन तयार करायची आहे. म्हणून कोळीवाड्यांनी आणि गावांनी वर्षानुवर्षं विरोध केला. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं तिथल्या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं अटी घालून परवानगी दिली. बंदर हवं म्हणणारे म्हणतात, लाखो हातांना काम मिळेल. नको म्हणणारे विचारतात, आमच्या होडीनं मग जायचं कुठे?

यात बरोबर कोण, हे मी फळ्यावर लिहून देणार नाही. पण एवढं नक्की सांगेन, की धक्का किती मीटर, तार किती उंच, याचं गणित आपण जेवढ्या काटेकोरपणे करतो, तेवढ्याच काटेकोरपणे हटवलेल्या घरांचं आणि बुडालेल्या मासेमारीचंही करायला हवं. न्हावा-शेव्याला ते गणित उशिरा झालं. वाढवणला ते वेळेवर होतं की नाही, हे तुम्ही मोठे होता होता डोळ्यांनी पाहाल.

आता थोडा अभ्यास!

घाबरू नका, पाठांतर नाही. पहिलं काम : रस्त्यावर किंवा फाटकाशी कंटेनर दिसला की त्यावरची चार अक्षरं आणि सात आकडे वहीत टिपा. दहा खोके जमले की त्यांचे रंग, लांबी, देशांची नावं यांचा तक्ता करा. दुसरं काम : मालगाडी आली की वाघिणी मोजा आणि त्यांवर किती खोके होते ते लिहा. मात्र रुळांपासून लांब, मोठ्या माणसांबरोबर उभं राहूनच बरं का! तिसरं काम : भारताच्या नकाशावर दादरी ते न्हावा-शेवा रेघ ओढा. दादरी, रेवाडी, फुलेरा, पालनपूर, वैतरणा, पनवेल ही गावं तुम्हीच शोधा.

आणि चौथं काम सगळ्यांत अवघड. दोन पत्रं लिहा. एक, न्हावा-शेव्याच्या क्रेनचालकाच्या मुलीनं वाढवणच्या कोळणीच्या मुलीला लिहिलेलं. दुसरं, त्या कोळणीच्या मुलीनं तिला दिलेलं उत्तर. पालकांनो, ही पत्रं मुलांना सांगू नका, त्यांची त्यांना लिहू द्या. लिहून झाली की मात्र घरात सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचा.